कंडक्टरचं अखंड वाचन

आजवर मी दोनच व्यवहारांत हरलो, आणि दोन्ही वेळा समोर एकच माणूस होता. एसटीचा कंडक्टर. शहापूर-मुरबाड रस्त्यावर त्याने उभी हयात तिकिटं फाडली, आणि निवृत्त झाल्यावर अंगणात खुर्ची टाकून गप्प बसायचं सोडून गावाला वाचायला लावायचं मनावर घेतलं. आता तो नाशिकला मुलाकडे असतो. गेल्यापासून लोक त्याच्याबद्दल गहिवरून बोलतात. मला गहिवर येत नाही. जवळजवळ माझी झालेली खोली त्याने घालवली, आणि घालवली तीही माझ्याच तोंडून. तेव्हा या लिखाणात कुणी गोडवा शोधू नये.

पहिला व्यवहार जुना आहे. तेव्हा मी शहापुरातून प्लास्टिकच्या बादल्या घ्यायचो आणि मुरबाडच्या बाजारात विकायचो. दुकान नव्हतं, गाडी नव्हती, फक्त जीभ होती. बादल्या एकात एक घालून त्यांची उंच चवड करायचो, आणि एवढ्या बादल्या म्हणजे एकच सामान असं कंडक्टरला पटवायचो. सगळ्यांना पटायचं. याला पटलं नाही. त्याने चवडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लगेजचं तिकीट मागितलं. मी पुढच्या थांब्यापर्यंत भांडलो. शेवटी तो म्हणाला, "मांडीवर घेतलेल्या सामानाला तिकीट नाही."

"सगळ्या माझ्या एकट्याच्या मांडीवर कशा मावतील, मास्तर?"

"मांड्या गाडीत पुष्कळ आहेत."

मला वाटलं, माणूस वाकला. मी एकेका प्रवाशाच्या मांडीवर एकेक बादली ठेवत गेलो. लोकांनीही आनंदाने घेतली. आमच्या रस्त्याला थांबे फार. दर थांब्याला माणसं उतरली आणि आपापल्या बादल्यांसकट उतरली. मी मागच्या सीटवर अडकलेला, मधे गर्दी. मी ओरडलो तर कंडक्टर घंटीची दोरी ओढत म्हणाला, "मी लगेजचं बघतो. उतारूंच्या हातात काय आहे ते बघणं माझं काम नाही." मुरबाडला मी दोन बादल्या घेऊन उतरलो. एकीचा दांडा तुटला होता.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो, की समोरचा चटकन कबूल झाला तर आपण उठून निघून जावं. शिकलो, आणि नेमक्या वेळी विसरलो. ते पुढे येईलच.

मधल्या काळात बादल्यांच्या टाक्या झाल्या. आमच्या तालुक्यात धरणं आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात आम्हाला टँकर येतो. टँकर आला की पाणी साठवायला टाकी लागते, आणि ती माझ्याकडे मिळते. सरकारने माझ्या धंद्याचा इतका बारकाईने विचार केला आहे की मला कधीकधी भरून येतं. पण टाकी ही पोकळ वस्तू. वजन नाही, जागा मात्र म्हशीएवढी खाते. मला जागा हवी होती, आणि आमच्या एसटी थांब्यासमोर ग्रामपंचायतीची चांगली ऐसपैस खोली होती. पुढे ओटा, मागे दार, टेम्पो थेट लागेल असा रस्ता. त्या खोलीत सार्वजनिक वाचनालय होतं. म्हणजे कंडक्टर होता.

ते वाचनालय ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून खरं वाटणार नाही. आत मागच्या दाराने जायचं आणि पुढच्या दाराने बाहेर पडायचं. कुणी पुढून घुसला तर हा खाकी सदऱ्यात उभा राहून म्हणायचा, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या." आत दुसरं कुणी नसलं तरी. बाकांवर रंगाने लिहिलेलं, 'स्त्रियांसाठी राखीव'. त्या बाकावर मी एकदा टेकलो, तर रिकाम्या खोलीत मला उठवून दुसरीकडे बसवलं. बंद करायच्या वेळी दोरी ओढून दोनदा घंटी. पुस्तकं विषयावार लावलेली नव्हती, ती मार्गावार होती. काही पुस्तकं 'लांब पल्ल्याची', काही 'जलद', काही 'प्रत्येक थांब्याला थांबणारी'. पुस्तक मागितलं की तो विचारायचा, "कुठपर्यंत?"

"कुठपर्यंत म्हणजे?"

"किती पानांपर्यंत जाणार?"

पान सांगावं लागायचं. मग कार्डाला तिकिटं टोचायच्या त्याच्या जुन्या चिमट्याने भोक. आठ दिवसांनी पुस्तक परत नेलं की चौकशी. कुठे उतरलात, का उतरलात, पुढे रस्ता खराब लागला का. आमच्या गावातल्या एका तलाठ्याने कंटाळून वाचन सोडलं, आणि कंडक्टर मात्र सांगत सुटला की तलाठी घाटात उतरला.

एवढं सगळं असून वाचणारे किती? मी ग्रामसभेत तेच विचारलं. सरपंचबाई व्यवहारी आहेत. खोलीला भाडं मिळालं तर ओट्यावरच्या छपराची गळती काढता येईल, हे त्यांना समजत होतं. मी भाडं बोललो, आगाऊ बोललो, शिवाय अंगणवाडीसाठी माझ्याकडून घेतलेल्या टाकीला झाकण फुकट देतो म्हणालो. सगळ्यांच्या माना हलल्या. तेवढ्यात मागून हा उठला.

"खोली वापरात नाही असं शेठचं म्हणणं आहे ना? एक दिवस आणि एक रात्र सलग वाचन करून दाखवतो. मोठ्याने. लोकांनीच वाचायचं. एकदाही थांबलं तर खोली शेठची. नाही थांबलं तर पुन्हा कुणी या खोलीचं नाव काढायचं नाही."

चोवीस तास सलग वाचन असं काही कुठे कुठे करतात, हे त्याने पेपरात वाचलं होतं. मला हसू आलं. आमच्या गावात चोवीस तास सलग वीज नसते.

मग आम्ही अटी ठरवायला बसलो, आणि अटी ठरवायच्या म्हटल्यावर मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. त्याला शनिवारी सकाळी दहाला सुरू करायचं होतं. मी म्हणालो रविवारी. रविवारी सुरू झालं की सोमवारी सकाळी संपणार, आणि सोमवारी सकाळी आमच्या गावात जनावरांशिवाय कुणी थांबत नाही. तो म्हणाला, "बरं." मी म्हणालो, मधे चहाला, लघवीला, कशालाही वाचन थांबणार नाही. तो म्हणाला, "बरं." मी म्हणालो, वाचन थांबलं की नाही हे तू ठरवणार नाहीस, तुझे ते पेन्शनर मित्रही ठरवणार नाहीत. जे समोर बसून ऐकतील त्यांनी ठरवायचं. माझा हिशेब साधा होता. त्याच्या ओट्यावर रोज सावलीला पाड्यावरच्या बाया बसतात, जीपची वाट बघत. ऐकायला बसल्या तर त्याच बसणार, आणि घटकाभरात कंटाळून उठणार.

तो म्हणाला, "बरं. ऐकणाऱ्यांचा शब्द शेवटचा."

तिन्ही वेळा चटकन. आणि मी उठून गेलो नाही.

रविवारी सकाळी मी कौतुकाने बघायला गेलो, तर वाचनालयाच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आत कुणीतरी रांगोळी काढलेली. पाटावर एक जाडजूड कादंबरी, तिला हळदकुंकू लावलेलं. कोकणातल्या एका बंदरावरच्या लाकडाच्या व्यापाऱ्याची गोष्ट होती. त्याचं गलबत, ते हाकणारा तांडेल आणि त्या दोघांची भांडणं. त्या व्यापाऱ्याला हळदकुंकू लावण्यासारखं काही नव्हतं, पण लोक येऊन नमस्कार करत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने काय केलं आहे. ग्रामसभेबाहेर त्याने गावाला वाचनाचं आव्हान वगैरे काही सांगितलंच नव्हतं. त्याने सप्ताह आहे असं सांगितलं होतं.

आमच्याकडे हरिनामाचा सप्ताह बसला की वीणा अखंड उभी असते. ती जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा समोर येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मधे खंड नाही. हे आमच्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. शाळेत न गेलेल्यालाही येतं. कंडक्टरने वीणेच्या जागी पुस्तक ठेवलं, एवढंच. पहिला पहारा त्याने स्वतः घेतला. उभ्याने. मग भजनी मंडळाचे लोक एकेक करून आले. पहिला वाचत असतानाच दुसरा त्याच्या पाया पडायचा, पुस्तकाला हात लावायचा, ओळ पकडायचा, आणि आवाज बदलायचा पण वाचन चालू. व्यापाऱ्याची भांडणं ते अभंगाच्या चालीवर वाचत होते. तांडेलने शिवी दिली की मागून टाळ वाजायचा.

मी रात्रीवर भरवसा ठेवून होतो. रात्री माणूस झोपतो असं माझं मत आहे. सप्ताहाच्या बाबतीत ते लागू नाही. जागरणाची या लोकांना एवढी हौस, की पहाऱ्यासाठी भांडणं लागली. मी रात्रभर ओट्यावर बसलो, डास मारले, आणि एकही खंड माझ्या हाती लागला नाही. पाड्यावरच्या बायाही हलल्या नाहीत. गोधड्या घेऊनच आल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी, सगळ्या जिला आजी म्हणत, ती मधेच उठून मला विचारून गेली, "शेठ, तुमी कवा वाचनार?" मी म्हणालो, "मी विकतो. वाचत नाय."

सकाळ झाली आणि माझा हिशेब खरा व्हायला लागला. सोमवार. दूधवाले दुधाला गेले. शाळेचे गुरुजी शाळेत गेले. मुरबाडच्या कारखान्यात जाणारे जीपमध्ये भरले, आटगावला लोकल धरणारे मोटरसायकलवर. भजनी मंडळ ज्या हौसेने जागलं होतं त्याच हौसेने घरी जाऊन झोपलं. कंडक्टरने गळे बसलेल्यांचे पहारे रात्रभर स्वतः घेतले होते. त्याचा आवाज पार गेला होता. तो खुर्चीत बसून होता, आणि तोंड उघडलं की नुसती हवा यायची. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही. मी घरी जाऊन तोंड धुतलं, खिशात नवीन कुलूप घातलं, मोजमापाची टेप घेतली आणि परत आलो.

आत एकच वाचणारा उरला होता. कारखान्यातला फिटर. त्याची जीप बाहेर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. फिटर वाचता वाचता दाराकडे बघत होता. दहाला अजून बराच अवकाश होता. मी दारात उभा राहून भिंतींची लांबी मनात मोजत होतो. इकडे मोठ्या टाक्या, तिकडे पाइप.

फिटर वाचत वाचत माझ्यासमोर आला. वाकला, माझ्या पायांना हात लावला, आणि पुस्तक पुढे केलं.

आता मी जे सांगतो ते आमच्या भागाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. वीणा समोर आली की हात मागे घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. चोर असो, दारुडा असो, हात पुढे येतात. माझे आले. मी वाकून त्याच्या पाया पडलो, त्याने बोट ठेवलेली ओळ पकडली, आणि माझ्या तोंडून लाकडाचा व्यापारी बोलायला लागला. फिटर जीपमध्ये बसून गेला. मी काय केलं हे मला पुढच्या पानावर समजलं.

पुस्तक ठेवून देता आलं असतं. ठेवलं की खोली माझी. पण ओट्यावर त्या बाया बसल्या होत्या. दुपारपर्यंत प्रत्येक पाड्यावर पोहोचलं असतं की टाकीवाल्या शेठने सप्ताह मोडला. मग त्या पाड्यांवर टाक्या कुणाला विकायच्या? खोली भरायला टाक्या होत्या, पण रिकामी करायला गिऱ्हाईकही लागतं. म्हणून मी वाचत राहिलो, आणि कुणीतरी येऊन सोडवील म्हणून रस्त्याकडे बघत राहिलो. कुणी आलं नाही. कंडक्टर खुर्चीत डोळे मिटून होता. बोट मात्र माझ्या वाचण्याबरोबर मांडीवर हलत होतं.

मग फोन वाजला.

पुस्तक एका हातात धरून दुसऱ्या हाताने मी फोन कानाला लावला, सवयीने. सरळगावची एक बाई होती. नवी टाकी तळाशी गळते, बदलून द्या म्हणून आठवडाभर माझ्या मागे लागली होती. मी रात्रभर जागा होतो, चिडलेलो होतो. मी तिला सोडलं नाही. म्हटलं, माल दारातून गेला की माझा संबंध संपला. म्हटलं, टाकी दगडांवर बसवलीत तर गळणारच, मी काय येऊन टाकीखाली झोपू? म्हटलं, घ्यायच्या वेळी घासाघीस केलीत तेव्हा नाही गळली ती. फोन ठेवला.

आणि मला एकदम हलकं वाटलं. वाचन थांबलं होतं. पुस्तक माझ्या हातातून खाली टेकलं नव्हतं, मी काही मोडलं नव्हतं. फोन आला, त्याला कोण काय करणार? खोली माझी, आणि नावही शाबूत. एवढा चोख सौदा मी आयुष्यात केला नव्हता. उरलेला वेळ मी ठणठणीत आवाजात वाचलं. तांडेलच्या भूमिकेत तर मी रंगलो म्हणा.

दहाला सरपंचबाई आल्या. कंडक्टरने हाताने खूण केली, पुरे. मी पुस्तक कपाळाला लावून पाटावर ठेवलं आणि खिशातलं कुलूप काढलं.

"सरपंचबाई, वाचन मधे थांबलं होतं. माझ्याच हातून. फोन आला, मी बोललो. मी खोटं बोलणार नाय."

माझा प्रामाणिकपणा त्यांना आवडलेला दिसला. त्या बायांकडे वळल्या. "काय गो आजी, वाचन थांबला व्हता का?"

"नाय गो बाय," आजी म्हणाली. "कुठं थांबला? आमी हिथंच हाव."

"मी फोनवर बोलत नव्हतो का, आजी?" मी म्हणालो. "टाकीचं?"

"त्यो व्यापारीच बोलत व्हता ना. ती बाय टाकी बदलून मागत व्हती, न् त्यो मेला तिच्यावं खेकसत व्हता. बेस वाचलात शेठ. अगदी तसाच मानूस डोल्यापुढं आला."

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. एक म्हणाली, "आमाला त्याचा लय राग आला."

"ते पुस्तकातलं नव्हतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "बंदरावरच्या व्यापाऱ्याकडे प्लास्टिकची टाकी कुठून येणार? तो माझा फोन होता. सरळगावची बाई आहे, खरीखुरी. टाकी खरी आहे."

सरपंचबाईंनी मला नीट न्याहाळलं.

"खरी टाकी? गलते?"

मी कुलूप या हातातून त्या हातात घेतलं.

"अंगनवाडीला दिलीत ती पन त्याच कंपनीची का, शेठ?"

तेव्हा कंडक्टर खुर्चीतून उठला. माझ्याजवळ आला. त्याच्या तोंडून आवाज म्हणून काही निघत नव्हता, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"शेठ, एकाच गाडीत बसता येईल. टाकी पुस्तकातली का दुकानातली?"

दुकानातली म्हणालो तर खोली माझी. आणि सरपंचबाईंसमोर, त्या बायांसमोर, गळकी टाकी विकून बाईमाणसावर खेकसणारा व्यापारीही मीच. अंगणवाडीची टाकी त्यांनी दुपारीच तपासायला लावली असती, आणि दोन शाळांच्या टाक्यांचं बोलणं चालू होतं ते तिथेच बुडालं असतं. पुस्तकातली म्हणालो तर वाचन अखंड. मी धंदेवाईक माणूस आहे. खोलीत किती टाक्या मावतात आणि बाहेर किती खपतात, हे मी उभ्या उभ्या ताडून पाहिलं. इतका घाम मला कधी कुठल्या सौद्यात आला नव्हता.

"पुस्तकातली," मी म्हणालो.

सरपंचबाईंनी मान डोलावली. "मंग वाचन नाय थांबला. खोली वाचनालयाची."

सरळगावच्या बाईची टाकी मी त्याच आठवड्यात बदलून दिली. तिने दगडांवरच बसवली होती, हे मी आजही सांगतो.

मी कुलूप खिशात टाकून पायरी उतरलो, तर आजीने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं.

"शेठ, मंग त्या व्यापाऱ्याचा फुडं काय झाला?"

"दहा वाजले, आजी. संपलं."

"तुमचा संपला. त्याचा कुठं संपला? जीप याची हाय अजून. बसा."

कंडक्टर पुस्तक घेऊन आला. शेवटची थोडीच पानं राहिली होती. त्याने ते माझ्यापुढे धरलं, आणि मी पुन्हा हात पुढे केले. मी वाचलं. वादळ येतं, तांडेल पोहून किनाऱ्याला लागतो, आणि व्यापारी सगळ्या मालासकट बुडतो. बायांना शेवट फार आवडला.